राळ कोणती, कशासाठी: मलम, होडीच्या फटी आणि धूप

दिवाळे कोळीवाड्यातून आलेला प्रश्न असा आहे. ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारातून पाव किलो राळ आणली. आईच्या टाचांच्या भेगांवर लावायचं मलम करण्यासाठी थोडी कुटून गरम तिळाच्या तेलात टाकली, तर तळाला चिक्कीच्या पाकासारखा चिवट गोळा बसला आणि वर तेल जसंच्या तसं राहिलं. राळ भेसळीची निघाली का? उरलेल्या राळेने घरच्या लहान लाकडी होडीच्या फटी भरता येतील का? आणि संध्याकाळी धूप म्हणून ती घरात जाळली तर चालेल का?

गोळा झाला म्हणून राळ खोटी, असं समजू नका. उलट तुमच्याकडे आलेली राळ बहुतेक अस्सल सालाची असावी आणि तेल पुरेसं तापलेलं नसावं. भेसळीचा म्हणून ज्याचा संशय येतो तो माल तेलात फार लवकर आणि गुमान विरघळतो. हे कसं, ते समजायला ‘राळ’ या एका शब्दाखाली दुकानात काय काय विकलं जातं ते आधी पाहावं लागेल.

पहिली सालवृक्षाची राळ. आयुर्वेदात हिलाच सर्जरस म्हणतात. साल आपल्याकडे रानात नाही. तो झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, मध्य प्रदेश आणि तराईच्या पट्ट्यातला. खोडाला खाच पाडली की पाझर येतो, हवेला सुकतो आणि त्याचे लोंबते, ओबडधोबड खडे होतात. दुसरी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली, मुख्यतः कर्नाटक-केरळातली: पांढरा डामर, ज्याला काही दुकानदार चंद्रस म्हणतात, आणि त्याचा काळा सोबती राळधूप. तिसरा चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडाचा माल. हिमाचल-उत्तराखंडात चिडाच्या खोडातून निघणाऱ्या चिकाला लिसा म्हणतात. तो तापवून त्यातलं टर्पेंटाइन उडवलं की खाली जे काचेसारखं उरतं ते रोझिन. हिंदी पट्ट्यात त्याला बिरोजाही म्हणतात. आज बाजारात नुसतं ‘राळ द्या’ म्हटलं की पुष्कळदा हे तिसरंच हातात पडतं, कारण ते स्वस्त असतं, स्वच्छ दिसतं आणि सहज मिळतं. रोझिन ही निकृष्ट वस्तू नव्हे. काही कामांना तेच लागतं. फक्त एकाच्या जागी दुसरं वापरलं की काम बिघडतं.

डिंकाची गल्लतही इथेच मिटवू. येऊरच्या रानात पांढऱ्या खोडाचा कांडोळ दिसतो, बाभूळ सगळीकडे आहे. त्यांचा पाझर म्हणजे डिंक. डिंक पाण्यात विरघळतो किंवा फुगतो आणि तेलाला दाद देत नाही. राळेचं बरोबर उलट: पाण्यात महिनाभर ठेवली तरी तशीच, पण तेलात, टर्पेंटाइनमध्ये जिरते. गुग्गुळ आणि हिंग मधले, दोन्हींचं मिश्रण. लाख तर झाडाचीच नव्हे, ती किड्याची.

आता पुडीतली राळ ओळखायची कशी. खडा उजेडात धरा. रोझिन पारदर्शक, मधासारखं पिवळं ते लालसर, फुटलं की काचेसारख्या धारदार कपच्या निघतात, आणि चिमूटभर भुकटी तळव्यावर चोळली की हाताच्या उबेनेच चिकटते. वास स्पष्ट टर्पेंटाइनचा. सालाची राळ गढूळ, बदामी-पिवळट, सालीचे तुकडे आत अडकलेले, भुकटी कोरडी आणि फिकट, वास मंद. नजरेवर भरवसा नसेल तर औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. काचेच्या बाटलीत २० मिलीमध्ये २ ग्रॅम भुकटी टाकून हलवा आणि अर्धा तास ठेवा. रोझिन असेल तर सगळं विरघळून स्वच्छ पिवळं द्रावण होतं, तळाला फक्त कचरा. सालाची राळ असेल तर द्रावण धुकट राहतं आणि खाली पांढुरका गाळ बसतो, जो कितीही हलवलं तरी जात नाही. घरातलं सॅनिटायझर या परीक्षेला वापरू नका. त्यात पाणी बरंच असतं, आणि पाणी आलं की रोझिनसुद्धा दुधाळ होतं. मग दोन्ही सारखेच दिसतील. दुसरी खूण धुण्याच्या सोड्याची: कढत पाण्यात चमचाभर सोडा घालून भुकटी ढवळली तर रोझिन आम्लधर्मी असल्यामुळे त्याचा साबण होऊन फेस येतो, सालाचे कण मात्र बरेचसे तसेच राहतात. भुकटी विकत घेऊ नका, खडेच घ्या. भुकटीत काय मिसळलंय ते ओळखणं अवघड, शिवाय भुकटी हवेने लवकर खराब होते.

आता तुमचा गोळा. रोझिन ७० ते ८० अंश सेल्सियसला मऊ होतं, म्हणून साध्या गरम तेलातही ते मिसळून जातं. सालाच्या राळेला याहून बरीच जास्त उष्णता लागते. कोमट-गरम तेलात ती आधी मऊ पडते, कण एकमेकांना चिकटतात, जड असल्यामुळे तळाला बसतात, आणि गोळ्याच्या आत तेल शिरायला वाट राहत नाही. त्यात सगळी राळ एकदम टाकली असेल तर तेल आणखी थंड होतं. गरम पाण्यावर भांडं ठेवून ही राळ विरघळणारच नाही, कारण तिथे १०० अंशांच्या वर जाता येत नाही. तुमचा गोळा फेकू नका. त्याच तेलात, त्याच भांड्यात, मंद आचेवर पुन्हा तापवत नेलं आणि लाकडी उलथण्याने दाबत राहिलं की तो पंधरा-वीस मिनिटांत सुटतो.

मलम पुन्हा करायचं तर प्रमाण असं घ्या: तिळाचं तेल १०० ग्रॅम, सालाची राळ २५ ग्रॅम. राळ खलात कुटून मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करा. जाडसर राहिली तर मलम वाळूसारखं खरखरतं आणि भेगेत तेच टोचतं. भांडं स्टीलचं, जाड बुडाचं, पूर्ण कोरडं. तांब्या-पितळेचं नको, राळेतल्या आम्लांमुळे मलमाला हिरवी झाक येते. तेल १२० ते १४० अंशांपर्यंत न्या. थर्मामीटर नसेल तर कोरडी लाकडी काडी बुडवून बघा: तिच्याभोवती बारीक बुडबुडे सतत येऊ लागले की वेळ झाली. तेलातून धूर दिसला म्हणजे पुढे गेलात, गॅस बंद करून थांबा. मग राळ चिमटीचिमटीने भुरभुरायची आणि आधीची चिमूट दिसेनाशी झाल्यावरच पुढची टाकायची. पंचवीस ग्रॅमला दहा-बारा मिनिटं लागतात. घाई केली की पुन्हा गोळा. सगळी विरघळली की गरम असतानाच दुहेरी मलमलमधून गाळा, साली आणि माती फडक्यात राहते.

पुढचा भाग जुन्या वैद्यांच्या पद्धतीचा आहे आणि तो टाळू नये. गाळलेलं तेल बोट बुडवता येईल इतकं निवू द्या. उकळून गार केलेलं साधारण २०० मिली पाणी पसरट स्टीलच्या परातीत घ्या, त्यात ते तेल ओता आणि तळव्याने गोल गोल फेटायला लागा. आधी तपकिरी तेल आणि पाणी वेगवेगळं पळतं. पाचेक मिनिटांत कडेने पिवळट साय धरते, ती आत ओढत राहिलात की रंग उतरत जातो आणि हाताखाली एकदम जडपणा जाणवतो, जसं ताक घुसळताना लोणी येतं तसं. पाणी ओतून टाका, नवं घ्या, पुन्हा फेटा. सात-आठ पाण्यांत मलम पांढरंशुभ्र, लोण्यासारखं होतं. पांढरेपणा राळेचा नाही. पाण्याचे अतिबारीक थेंब तेलात अडकून राहिल्याने तो दिसतो, आणि त्यामुळेच ते लावल्यावर गार वाटतं. शतधौत घृताचं, म्हणजे शंभर वेळा पाण्यात धुतलेल्या तुपाचंही तत्त्व हेच. तेल फार गरम असताना पाण्यात ओतलंत तर उडेल आणि भाजेल. पूर्ण थंड करून ओतलंत तर राळेचे कण सुटून मलम रवाळ होईल. म्हणून ते कोमटच हवं.

शेवटी परात तिरकी करून मोकळं पाणी निथळून काढा आणि मलम कोरड्या काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा. आत पाणी आहे, टिकवणारं रसायन नाही. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत संपवायचं, वास आंबूस आला किंवा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. पावसाळ्यात ठाण्या-नवी मुंबईच्या दमटपणात बाहेर ठेवलं तर आठवडाही धड जात नाही. टिकाऊच हवं असेल तर धुण्याची पायरी वगळून ६० ग्रॅम तेलात १५ ग्रॅम राळ वरच्यासारखीच विरघळवा, गॅस बंद करून १५ ग्रॅम मधमाशीचं मेण आणि १० ग्रॅम कोकमतेल, म्हणजे कोकणातलं मुठेल, घाला आणि गाळून बरणीत ओता. हे घट्ट, पिवळसर राहतं आणि काही महिने टिकतं. मेण-राळ एकत्र तापवत ठेवू नका, मेणाला तेवढ्या उष्णतेची गरज नाही आणि त्याचा वास बिघडतो.

लावायची रीत मलमाइतकीच महत्त्वाची. रात्री पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून मऊ झालेली मेलेली कातडी वजरीने हलकेच काढायची, पाय पूर्ण कोरडे करायचे, भेगांत मलम दाबून भरायचं आणि सुती मोजे घालायचे. राळ भेगेवर पातळ, लवचिक पापुद्रा धरते, आतला ओलावा टिकतो, कडा जोडायला वेळ मिळतो. पण दोन गोष्टी आईला सांगा. राळेची, विशेषतः रोझिनची, काही जणांना ॲलर्जी असते. ज्यांना चिकटपट्टीने खाज सुटते त्यांनी जास्त जपावं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला डाळीएवढं लावून ४८ तास वाट पाहा. आणि मधुमेह असेल, भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, पायाला बधिरपणा असेल तर मलम-वजरी दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. बधिर पायाची भेग बाहेरून दिसते त्यापेक्षा आत खोल गेलेली असू शकते.

आता होडी. पाव किलोत काही होणार नाही, लहान होडीला सुद्धा किलो-दोन किलो लागते. इथे सालाची राळच हवी. रोझिन उन्हात मऊ पडून फटीतून ओघळतं आणि सतत पाण्यात राहिलं की पांढरं पडून भुसभुशीत होतं. कापूस फटीत ठासून त्यावर राळ-तेलाचा कढत लेप बसवायचा, हे मूळ काम. तेल आपल्या किनाऱ्यावर उंडीचं वापरत आले आहेत. जवसाचं कच्चं तेलही चालतं आणि सहज मिळतं. खोबरेल नको, ते सुकत नाही आणि थंडीत गोठतं.

सुरुवात एक किलो राळेला २५० ग्रॅम तेल अशी करा, पण या आकड्याला चिकटून राहू नका. प्रत्येक खेपेची राळ वेगळी असते. खरा निवाडा थेंबावर: मिश्रण एकजीव झालं की काडीने एक थेंब गार पाण्याच्या वाटीत टाका, मिनिटभराने काढून बोटात दुमडा. टचकन तुटला तर तेल कमी, ५० ग्रॅम वाढवा. बोटाला चिकटून तार आली तर तेल जास्त, राळ घाला. चामड्यासारखा दुमडला आणि हळूहळू परत सरळ झाला तर तुमचं मिश्रण जमलं. याचं कारण होडीतच आहे. पाण्यात फळ्या फुगतात, काठावर ओढली की आकसतात, आणि लाटेवर प्रत्येक सांधा थोडा हलतो. ठिसूळ लेपाला पहिल्याच आठवड्यात केसासारखी चीर जाते आणि गळती तिथूनच होते. फार मऊ लेप मे महिन्याच्या उन्हात ओघळतो.

काम पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये उरका. मासेमारी बंदीत होडी काठावर असते म्हणून जून-जुलैत हात घालायचा मोह होतो, पण तेव्हा लाकूड ओलं असतं. ओल्या फळीवर कढत राळ पडली की आत वाफ होते, लेपाखाली फुगे धरतात, आणि चार दिवसांत लेप पोपड्यासारखा सुटून येतो. उलट लाकूड महिनोन्‌महिने उन्हात पार वाळलेलं असेल तर फट खच्चून भरू नका. पाण्यात गेल्यावर फळी फुगेल आणि लेप बाहेर ढकलेल, किंवा खिळ्यांवर ताण येईल. कापूस फटीच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत ठासा, वरची जागा राळेला ठेवा. जुनी राळ आधी खरवडून काढा, फट कोरड्या ब्रशने झाडा. लेप ओतल्यावर तो निवायच्या आत तेल लावलेल्या लाकडी पट्टीने दाबून सारखा करा. राळ लाकूड पोखरणाऱ्या किड्याला रोखत नाही, हेही ध्यानात असू द्या. तिचं काम फटीपुरतं. तळाच्या पृष्ठभागासाठी वेगळा रंग लागतो.

हे सगळं उघड्यावर, घरापासून लांब. कढई लोखंडी, तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरायची नाही, कारण राळेत थोडाही ओलावा असेल तर ती दुधासारखी फसफसून वर येते. झाकण आणि बादलीभर कोरडी वाळू हाताशी ठेवा. कढईने पेट घेतला तर आधी चूल बंद, मग झाकण, मग वाळू. पाणी कधीच नाही. कढत राळ कातडीवर पडली तर ती चिकटून बसते आणि भाजत राहते. ओढून काढू नका, गार पाण्याखाली बराच वेळ धरा आणि दवाखाना गाठा. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बूट घालूनच उभे राहा.

राळेचा पेट किती चटकन होतो याची आठवण आपल्या भाषेतच आहे. मशालीवर राळेची भुकटी फेकून भडका उडवायची जुनी रीत होती, त्यावरूनच आरोपांची, टीकेची ‘राळ उडवणे’ आलं. खडा विस्तवावर हळूहळू जळतो; तीच राळ बारीक भुकटी होऊन हवेत पसरली की क्षणात पेटते. म्हणून कुटणं-चाळणं स्वयंपाकघरात, पेटत्या गॅसजवळ करू नका. खिडकी उघडी, पंखा बंद, ज्योत कुठेही नाही.

धुपाबद्दल. जाळायला हरकत नाही, पण राळ एकटी जाळू नका. एकटी राळ भपकन पेटते आणि काळा, घशाला झोंबणारा धूर देते. दोन भाग गुग्गुळ, एक भाग ऊद आणि अर्धा भाग राळ असं जाडसर कुटून ठेवा. निखारा लालभडक असताना नाही, त्यावर राखेचा पातळ पांढरा थर आल्यावर पाव चमचा टाका. तेव्हा तो पेटत नाही, नुसता वितळून धुमसतो आणि वास खुलतो. दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या ठेवा. टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये बंद खोलीत धूर तासन्‌तास कोंडून राहतो. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर नकोच. रोझिनच्या धुराने तर सोल्डरिंग करणाऱ्या कामगारांना दमा जडू शकतो, हे कारखान्यांत चांगलं ठाऊक आहे.

मग रोझिन कुठे? रबाळे-महापे भागातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात रोज. तापल्यावर त्यातलं आम्ल तांब्यावरचा गंज खातं आणि कथील-शिशाचा टाका धरतो. थंड झाल्यावर ते पुन्हा निष्क्रिय होतं, तारेला खात नाही. सोल्डरिंगसाठी द्रावण घरी करायचं तर २५ ग्रॅम रोझिन १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवा. सारंगी-व्हायोलिनच्या गजालाही रोझिनच, पण खडा. भांड्यांच्या कल्हईला मात्र राळ नाही, नवसागर लागतो. चांदीच्या पत्र्यावर प्रभावळीचं नक्षीकाम उठवणारे कारागीर राळेचं अंथरूण करतात: एक किलो राळ, तेवढीच वस्त्रगाळ विटकर आणि ७५ ते १०० ग्रॅम तेल. विटकर नीट भाजून वाळवलेली हवी, नाहीतर फसफसते. पत्रा त्यात बसवून ठोकला की राळ जितकी हवी तितकीच दबते. हिवाळ्यात तेल थोडं जास्त, उन्हाळ्यात कमी.

भांडी धुताना राळेचं तेल मोरीत ओतू नका, पाइपात जाऊन घट्ट बसेल. वर्तमानपत्राने गरम असतानाच पुसून काढा, उरलेलं सालाचं असेल तर टर्पेंटाइनने, रोझिन असेल तर धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने जातं. खडे घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवा आणि लागतील तेव्हाच, लागतील तेवढेच कुटा.